शेट्टीच्या दुकानात

६ सप्टेंबर, शनिवार

फेब्रुवारीत ह्यांना पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर ही वही उघडली नव्हती. आज उघडली. कारण विशेष नाही. टेबल पुसताना हाताशी आली.

सकाळी भाऊजी आले, ह्यांचे थोरले भाऊ, जगन्नाथराव. टी. नरसीपूरच्या अलीकडे नदीकाठी एक देखभाल केंद्र आहे, ते पाहून आले होते. स्वच्छ आहे, जेवण आपल्यासारखंच, दिवसा नर्स असते म्हणाले. दसऱ्यानंतर तिथे एक जागा रिकामी होते. माझी रजाही दसऱ्याबरोबर संपते. सगळं जुळून येतं.

“त्याला कुठं आहोत हेच कळत नाही, पावनी. इथं काय आणि तिथं काय. तू नोकरी सोडायचं मात्र मनात आणू नकोस.”

हे समोरच खुर्चीत बसले होते.

मी “आयतु”, म्हणजे ठीक आहे, म्हटलं. नंतर वाटलं, एवढ्या गोष्टीला एवढा शब्द पुरतो का. पण भाऊजींना पुरला. त्यांनी लगेच तिथं फोन करून तीन ऑक्टोबरला आणतो म्हणून सांगितलं.

ह्यांनी “बेड” म्हटलं. ह्यांच्यापाशी आता तेवढा एकच शब्द उरला आहे, कन्नडमधला ‘नको’. कॉफी पुढे केली की बेड म्हणतात आणि पितात. लेकीचा, काव्याचा, बंगळूरहून फोन आला की बेड बेड म्हणतात आणि फोन कानापासून सोडत नाहीत. सौम्या म्हणून एक मुलगी ह्यांना बोलायला शिकवायला येते. तिचं म्हणणं, तोंडातून सुटतो तोच शब्द मनात असेल असं नाही. समज किती आहे हे सांगता येत नाही, बघत राहायचं. भाऊजींनी त्यातलं ‘सांगता येत नाही’ एवढंच घेतलं. बहुधा मीही.

दिवसभरात रडू आलं नाही. आल्याची नोंद करतात, न आल्याचीही करावी.

९ सप्टेंबर, मंगळवार

भिंतीतल्या कपाटातून गोंब्यांच्या पेट्या काढल्या. पूर्वी दसऱ्याच्या बाहुल्या म्हणणारे लोक घरात होते, आता आम्ही सगळे गोंबेच म्हणतो. त्यामागे ह्यांच्या आगगाडीचे खोके होते.

पायऱ्यांवर गोंबे मांडायचं काम माझं, आणि खाली जमिनीवर नाचणी पेरून जो हिरवा बगीचा करतात त्यातून आगगाडी फिरवायचं ह्यांचं. आधी साधी चावीची गाडी होती. मग रूळ वाढले, कावेरीवरचा पूल आला, श्रीरंगपट्टणचं स्टेशन आलं. शेवटी दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोरून येऊन स्टेशनात एकमेकींना वाट द्यायला लागल्या. विजयनगर भागातल्या ह्या गल्लीत आमच्या घराला ‘रैलु मने’, आगगाडीचं घर, म्हणतात.

ह्या वर्षी गाडी मांडावी असं मनात आलं. कोणासाठी, हे स्वतःला विचारून पाहिलं. ह्यांनी जाण्याआधी पाहावी म्हणून? पण कळत नाही असं मीही मान्य करून बसले आहे. लोक विचारतील म्हणून? असेल. दोन्ही कारणं लिहून ठेवते. खरं कोणतं ते मला माहीत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

रूळ जोडले. पुलाचा एक खांब मोडला होता, तो चिकटवला.

ही सगळी करामत एका आर्डुइनोवर, तळहाताएवढ्या संगणकावर, चालते. गाडी स्टेशनाजवळ आली की रुळाखालचा डोळा तिला बघतो, आर्डुइनो रिलेच्या, म्हणजे विजेच्या खटक्यांच्या, पाटीला हुकूम देतो, रिले टक् करतो आणि सांधा फिरतो. मग गाडी बाजूच्या रुळावर जाते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, विजेचं मला एवढंच कळतं. मार्चमध्ये ह्यांच्या टेबलावरचं सगळं आवरून वायरी सोडवताना मी प्रत्येकीला चिठ्ठी बांधली होती, त्यामुळे त्या जागच्या जागी गेल्या. पाटीला दोन ठिकाणांहून वीज येते, एक आर्डुइनोकडून आणि एक वेगळ्या अडॅप्टरमधून. तेही जसं होतं तसंच लावलं.

फक्त पाटीच्या कडेला दोन पिना उघड्या दिसल्या. इंटरनेटवर ह्याच पाटीचे फोटो पाहिले. प्रत्येक फोटोत त्या दोन पिनांवर एक काळी टोपी आहे, जंपर म्हणतात तो. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. बांधाबांधीत तो माझ्याच हातून पडला असणार. ह्यांच्या हत्यारांच्या डब्यात तसल्या टोप्यांचं पाकीट होतं, त्यातली एक बसवली.

“आता झालं ना पुरतं?” मी ह्यांना सवयीने विचारलं.

“बेड,” हे म्हणाले.

१४ सप्टेंबर, रविवार

गाडी सुरू केली. अर्धा फेरा छान. स्टेशनाजवळ रिले टक् वाजला आणि त्याबरोबर आर्डुइनोचा दिवा विझून पुन्हा लागला. सगळे रिले एकदम वाजले, सांधा अर्ध्यात उलटा फिरला, इंजिन एका रुळावर आणि डबे दुसऱ्यावर. गाडी नाचणीच्या ट्रेमध्ये आडवी.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

हे खुर्चीतून पाहत होते. डोळे गाडीकडे होते असं मला वाटलं. पण पंखा फिरतो तेव्हा पंख्याकडेही असतात.

१७ सप्टेंबर, बुधवार

नाचणीला पाणी घालते ती ओल वायरीपर्यंत जात असेल, म्हणून ट्रे सरकवले, खाली प्लॅस्टिक घातलं. फरक नाही. अडॅप्टर बदलला. फरक नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी मुलांना शिकवते, ते पाळलं.

दुपारी पाहिलं तर जंपर पिनांवर नाही. खाली शोधला, सापडला नाही. सैल बसला असावा. दुसरा लावला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जंपर पुन्हा नाही. ह्या वेळी सैल नव्हता, मी दाबून बसवला होता.

म्हणजे हेच काढतात. डावा हात चालतो, आणि पाटी खुर्चीच्या डाव्या अंगाला आहे. चादरीचे दोरे काढतात तसंच. सौम्याला फोनवर विचारलं. ती म्हणाली, “हाताला चाळा लागतो, आंटी. लहान वस्तू मात्र जवळ ठेवू नका. गिळताना त्रास आहे ना त्यांना.”

ते ऐकून मी ह्यांच्या तोंडात बोट घालून पाहिलं. गालांच्या आत, जिभेखाली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. तोंडात काही नव्हतं. मुठीत नव्हतं, खिशात नव्हतं.

जंपर नवीन लावला. हात धुतले. ह्यांनी डोळे बराच वेळ उघडले नाहीत, झोप लागली असेल.

२० सप्टेंबर, शनिवार

लष्कर मोहल्ल्यात जाऊन नवी पाटी आणली. दुकानदाराला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, “मॅडम, पाटी बदला. नाही चाललं तर आर्डुइनो बदला. तरी नाही चाललं तर गाडी बदला.”

“मग तुमच्याकडे यायचंच कशाला?”

“बदलायला,” तो म्हणाला आणि पाटी कागदात गुंडाळली.

नव्या पाटीवर जंपर आधीच बसवलेला होता. ते पाहून बरं वाटलं, निदान तेवढं तरी माझं बरोबर होतं. घरी येऊन लावली. गाडी स्टेशनाजवळ आली, दिवा विझला, गाडी आडवी.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज गोंबे बसले. सर्वांत वर पट्टद गोंबे, चंदनी लाकडाचे राजाराणी. आईने माझ्या लग्नात दिलेले, नवे कपडे घालून बसवले. खालच्या पायरीवर शेट्टी आणि शेट्टम्मा, त्यांच्यापुढे किराणा दुकान. डाळ, तांदूळ, गूळ, सगळं बोटभर टोपल्यांत. शेट्टीचं दुकान ह्यांच्या खुर्चीच्या हाताशी येतं. दरवर्षी तिथंच असतं, यंदाही रूळ जोडले त्या दिवशीच मांडून झालं होतं. हे रूळ जोडायला बसले की सुटे स्क्रू वगैरे त्या टोपल्यांत टाकायचे, आणि मी नऊ दिवस डाळीतून स्क्रू वेचायची.

गाडी बंदच. पूल छान दिसतो.

सकाळी जंपर जागेवर नव्हता. लावला.

२४ सप्टेंबर, बुधवार

पाटीवर प्लॅस्टिकचं झाकण बसवून चार स्क्रूंनी आवळलं. आता हात जाणार नाही. हे काही वेळ झाकणावर नखाने वाजवत होते. मी खुर्ची थोडी मागे घेतली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

समोरच्या अंबुबाई गोंबे पाहायला आल्या. वयाने मोठ्या, बोलायला मोकळ्या.

“अय्यो, रैलु थांबली? मी सगळीकडे सांगून आले, पावनीनं एकटीनं रैलु मांडली म्हणून.”

“बिघाड सापडत नाही, अंबुबाई.”

“वासुदेवाला विचार की.” त्या ह्यांना नावानेच हाक मारतात.

“विचारून काय उपयोग?”

“मी आमच्या माणसाला चाळीस वर्षं विचारते. उपयोग म्हणून कोण विचारतं?” त्यांनी ह्यांच्याकडे वळून मोठ्याने म्हटलं, “काय रे, ऐकतेय का ही तुझं?”

“बेड,” हे म्हणाले.

“बघ, ऐकत नाही म्हणतोय.” त्या उसळ खाऊन गेल्या.

भाऊजींचा फोन आला. बॅग भरायला घे, ऐन वेळी धावपळ नको म्हणाले. तिथून कपड्यांची यादी आली आहे. टॉवेल, शर्ट, लुंग्या, सगळ्यावर नाव घालायचं.

२८ सप्टेंबर, रविवार

बॅग भरली. कपड्यांवर नाव मी दोऱ्याने घातलं, शाई धुऊन जाते. बॅग पलंगाशी ठेवली. स्वयंपाकघरातून परत आले तर टॉवेल आणि दोन शर्ट बाहेर, पलंगावर. ह्यांचा हात बॅगेत. चाळाच. घड्या पुन्हा घातल्या आणि सगळं परत आत ठेवलं. चेन ओढली.

काव्या फोनवर म्हणाली, “आई, तुला काय वाटतं ते सांग ना. काका काय म्हणतात ते नको.”

मी म्हटलं, मला काही वाटत नाही. तिला ते कठोर वाटलं असेल. मी फक्त जसं आहे तसं सांगत होते.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. आजची नोंद मोठी होईल.

आज हत्यारं पूजेला बसतात आणि उद्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ह्यांचा त्यावर स्वतःचा एक नियम होता. आजच्या दिवशी गाडी चालवायची, पण दुरुस्त करायची नाही. पडली तर पडू दे, उद्या बघू. रिलेची पाटी उघडी ठेवून प्रत्येक रिलेवर ते एकेक शेवंतीची पाकळी ठेवायचे. म्हणून काल संध्याकाळी मी झाकणाचे स्क्रू काढले, खुर्चीही पुन्हा जागेवर आणली. पेचकस, पक्कड, मीटर, जंपरचं पाकीट, सगळं डब्यात घालून देवापुढे ठेवलं. सकाळी गंध लावलं, पाटीवर पाकळ्या ठेवल्या. मग नैवेद्य वाढायला आत गेले.

परत आले तेव्हा पाकळ्या जागेवर होत्या. जंपर नव्हता.

पाकीट देवापुढच्या डब्यात. हात लावणार कसा. मी श्रद्धाळू आहे का, हा प्रश्न मला नेहमी पडतो, पण आज डबा उघडला नाही एवढं खरं.

चारच्या सुमारास अंबुबाई दोन सुनांना घेऊन आल्या. “आज तरी रैलु सोड. पडली तर आम्ही हसू, त्यात काय.”

जंपरशिवाय काहीच होणार नाही, रिले वाजायचेसुद्धा नाहीत, आणि तेच बरं, असं धरून मी बटण दाबलं.

गाडी निघाली. पुलावरून गेली, स्टेशनाजवळ आली. रिले टक् वाजला. एकच. पाकळी किंचित हलली. सांधा फिरला, गाडी बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहिली. समोरून दुसरी आली आणि निघून गेली. मग पहिली सुटली.

आर्डुइनोचा दिवा विझला नाही. मी त्याच्याकडेच पाहत होते.

सुना टाळ्या वाजवत होत्या. अंबुबाई ह्यांना म्हणाल्या, “काय रे, खूष?” दिवसभरात पहिल्यांदाच विचारल्यावर ह्यांनी बेड म्हटलं नाही. डावा हात गुडघ्यावर होता आणि गाडी सांध्यावर आली की एक बोट उचललं जात होतं. रिले वाजण्याच्या थोडं आधी.

दिवे लागेपर्यंत गाडी चालली. एकदाही पडली नाही.

शक्यता लिहिते. आज ऊन होतं, ओल सुकली असेल. गल्लीतले कारखाने बंद, वीज स्थिर असेल. उद्या पाहता येईल.

२ ऑक्टोबर, गुरुवार

पूजा झाल्यावर डबा उतरवला. हवा आजही कोरडी. जंपर लावून गाडी सोडली. दिवा विझला, गाडी पडली. जंपर काढून सोडली. चालली. लावला, पडली. काढला, चालली. मुलांनी असा प्रयोग केला असता तर मी म्हटलं असतं, पुरे, निष्कर्ष लिहा.

जंपर दोन विजा एक करतो. वेगळा अडॅप्टर लावला असेल तर तो नसायलाच हवा. नाहीतर रिलेचा प्रत्येक दणका आर्डुइनोपर्यंत पोचतो आणि तो पहिल्यापासून सुरू होतो. हे आता एका ठिकाणी वाचलंही. फोटोतल्या लोकांकडे वेगळा अडॅप्टर नव्हता. ह्यांनी तो जंपर मुद्दामच काढलेला होता. माझ्या हातून काही पडलं नव्हतं.

इथपर्यंत विजेचं झालं.

संध्याकाळी पट्टद गोंबे निजवायचे असतात, म्हणजे सण संपला. राजाराणी आडवे केले. मग खालची पायरी आवरायला घेतली. शेट्टीच्या दुकानातली तांदळाची टोपली उचलली तर वर काळं काही दिसलं. जंपर. सगळे तिथेच होते, मी लावलेले, एकावर एक. टोपलीच्या तळाशी एक जुना, धुळीने राखाडी झालेला. गेल्या दसऱ्याचा असणार. तो ह्यांनी चालत्या हाताने, बोलत्या तोंडाने तिथं टाकलेला.

नुसता चाळा असता तर हात जाईल तिथं वस्तू पडली असती. हे सगळे एकाच टोपलीत होते. मी ह्यांच्या तोंडात शोधत होते.

टोपली घेऊन ह्यांच्यापुढे जमिनीवर बसले. काय विचारावं कळेना. शेवटी एक जंपर घेतला आणि पाटीच्या पिनांवर धरला, बसवला नाही, नुसता धरला. “लावू?”

“बेड.”

ह्यांनी हात पुढे केला. माझ्या बोटांतून जंपर घेतला. वेळ लागला. टोपलीत टाकला.

मग कॉफी विचारली. बेड म्हणाले आणि प्यायले. म्हणजे शब्दावरून काही सिद्ध होत नाही, हे सौम्याचं बरोबरच आहे. “टी. नरसीपूरला जायचं?” असं विचारलं. आजवर सगळ्यांनी एकमेकांना विचारलं होतं. बेड म्हणाले. “मग इथं राहायचं?” बेड म्हणाले.

मी पलंगाजवळची बॅग आणली, त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली आणि चेन उघडली. बाकी काही केलं नाही.

त्यांनी बराच वेळ बॅगेकडे पाहिलं. मग टॉवेल बाहेर काढला. मग एक शर्ट, त्याची घडी मोडली. दुसरा शर्ट बाहीला धरून ओढला, तो चेनमध्ये अडकला. मदत करायला माझा हात गेला, तो मी मागे घेतला. त्यांनी तो सोडवला. मग लुंग्या. बॅग रिकामी झाली तरी आत चाचपून पाहिलं.

कपडे जमिनीवर पडले आहेत. मी हे लिहिते आहे तेव्हाही तिथेच आहेत. मी काही परत जागेवर ठेवलेलं नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊजी गाडी घेऊन आले. बॅग कुठे म्हणून विचारलं.

“भरलेली नाही,” मी म्हटलं.

“का?”

बिघाड, अडॅप्टर, टोपली, सगळं सांगायला लागले असते तर त्यांना ते वेड वाटलं असतं. मी त्यांना ह्यांच्या शेजारी बसवलं, आगगाडी सुरू केली आणि म्हटलं, “भाऊजी, रुळाकडे बघू नका. ह्यांच्या बोटाकडे बघा.”

दोन गाड्या समोरासमोर आल्या. बोट उचललं गेलं. मग टक् वाजलं.

भाऊजी पुढच्या फेऱ्याला थांबले. त्याच्याही पुढच्या. मग चष्मा काढून म्हणाले, “कॉलेजचं काय करणार तू?”

“माहीत नाही.”

खरंच माहीत नाही. सोमवारी जाऊन विचारायचं आहे. आत्ता कॉफी ठेवते, तिघांची.